गारमातेची टोपली

आमच्या घरात एक देव असा होता, जो मी पुढं कुठंही पाहिला नाही. नोकरीच्या निमित्तानं निम्मा यवतमाळ जिल्हा पायाखाली घातला, राळेगावपासून झरी जामणीच्या जंगलापर्यंत शाळा केल्या, लोकांच्या घरी जेवलो, त्यांच्या देवळ्यांत डोकावलो. पण गारमाता मला कुणाकडेच भेटली नाही. ती फक्त माझ्या मायच्या घरात होती. तिला मूर्ती नव्हती, टाक नव्हता, शेंदूर फासलेला दगडही नव्हता. चार टोपली होती, एकात एक घातलेली, आणि ती मधल्या भिंतीच्या फळीवर पालथी ठेवलेली असत. त्यांना हळदकुंकू लावलेलं असे. तीच गारमाता.

ही टोपली कशी होती ते नीट सांगतो, कारण ती नीट पाहायला मला फार उशीर झाला. बुरडाकडून घेतलेलं बांबूचं साधं टोपलं. मायनं त्याच्या आत मधोमध कापडाची चुंबळ शिवलेली. घागरीखाली बाया डोक्यावर ठेवतात तसली. त्यामुळे टोपलं पालथं करून डोक्यावर घातलं की ते टाळूला टेकत नसे, मध्ये बोटभर पोकळी राहायची. बाहेरून गोणीचं जाड कापड आणि त्याच्या आत रद्दी कापूस दाबून भरलेला. मागं मानेवर पडेल अशी त्याच कापडाची झूल, पुढं कपाळाच्या चार बोटं बाहेर आलेला काठ, आणि हनुवटीखाली बांधायला नाडी. प्रत्येकाच्या डोक्याच्या मापाचं एकेक. बाचं मोठं, मग मायचं, मग माझं, आणि सगळ्यांत आत धाकट्या बहिणीचं. बहिणीचं डोकं वाढत गेलं तशी माय दर दोन वर्षांनी तिची चुंबळ उसवून पुन्हा शिवायची.

ते कापड तांड्यातलं होतं. बंजाऱ्यांचा तो तांडा आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. तिथली एक बाई आणि माझी माय वर्षानुवर्षं एकाच शेतात कापूस वेचायला जायच्या. त्या बाईच्या सासऱ्यांपर्यंतची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरलेली. पुढं बैलांचे तांडे गेले, शेती आली, पण लादणीच्या गोणी घरात राहिल्या. त्यातली एक तिनं मायला दिली. "ले बाई," ती म्हणाली होती, "इसकी वीन नाई सुटनार. सुई मोडंल तुयी, पन हे फाटनार नाई." मायच्या खरंच दोन सुया मोडल्या.

मायचं माहेर आर्णीकडचं. ती लहान असताना तिकडं मोठी गारपीट झाली. माणसं शेतातून पळत घरात आली आणि वाचलो म्हणून बसली. तिचा पाच वर्षांचा भाऊ घरातच बसला होता, चुलीजवळ, भाकरीचा तुकडा हातात धरून. वरचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फुटून त्याच्या डोक्यात पडले. गारा आल्या की घरात पळा, असं सगळं जग सांगतं. घरात पळाल्यावर पुढं काय करायचं ते कुणी सांगत नाही. मायनं ते आपल्या आपण शोधून काढलं.

माघातल्या एका मंगळवारी माय टोपली खाली काढायची. हळदकुंकू लावायची, चुलीवर गूळभात ठेवायची आणि आम्हा सगळ्यांना मधल्या भिंतीला पाठ लावून बसवायची. मधल्याच भिंतीला, कारण तिथं वर आडवं लाकूड होतं. पायांत वहाणा घालायच्या, घरात असलो तरी. एरवी वहाणा घालून उंबरठा ओलांडला तर पाठीत धपाटा बसायचा, पण त्या दिवशी वहाणा नसतील तर धपाटा. खाली फुटके कवेलू पडतात, पाय कापतात, असं कारण तिनं सांगितल्याचं आठवत नाही. "मातेले चालते," एवढंच म्हणायची. मग टोपलं डोक्यावर, नाडी हनुवटीखाली, तोंड गुडघ्यांत. "वर पाह्याचं नाई. कोनी हाका मारल्या तरी नाई. भात शिजेपर्यंत कोनी हालायचं नाई." बा दिवसभर पाटलाच्या शेतात सालदारकी करून आलेला, त्याला त्या अंधाऱ्या टोपल्याखाली डुलकी लागायची आणि तो घोरायचा. बहीण खुदुखुदु हसायची. तिचं टोपलं हलताना मला गुडघ्यांच्या फटीतून दिसायचं. मग भात शिजल्याचा वास यायचा आणि माता प्रसन्न व्हायची.

लहानपणी मला यात मजा वाटली. मग शाळेत जायला लागलो आणि लाज वाटायला लागली. वरच्या आळीतल्या पोरांनी एकदा आमच्या दारातून तो सोहळा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'टोपल्या' पडलं, ते सातवीपर्यंत चिकटलं. आमच्या वस्तीला नावं ठेवायला त्या पोरांना आधीच काही कमी नव्हती, त्यात मायनं ही भर घातली म्हणून मी तिच्यावरच चिडायचो. माझा राग तेव्हापासूनचा. तो पुढं सगळ्यांच्या ओळखीचा झाला.

नागपूरच्या दीक्षेनंतर काही महिन्यांनी आमच्या वस्तीनंही दीक्षा घेतली. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा. मॅट्रिकला एकदा आपटलो होतो, दुसऱ्या खेपेला पास झालो होतो, आणि वस्तीत एवढं शिकलेला मीच. पांढरा सदरा घालून पुढंपुढं करत होतो. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांइतका ताठ मी आयुष्यात पुन्हा कधी चाललो नाही. मेलेली ढोरं ओढणं बंद झालं. बानं पाटलाच्या दारात जोहार घालणं बंद केलं. मायनं गळ्यातली देवीची माळ स्वतः होऊन काढून ठेवली, मला सांगावं लागलं नाही. त्यातल्या एकाही गोष्टीचा मला आज पश्चात्ताप नाही. तो करावा असं कुणी माझ्या लिहिण्यातून काढू नये.

पश्चात्ताप आहे तो एका दुपारचा. घरोघरचे देव बाहेर काढायचे ठरलं होतं. टाक, मूर्ती, परड्या, कवड्यांच्या माळा. जे बुडेल ते नदीत आणि जे जळेल ते वस्तीच्या मधल्या चौकात. मी चारपाच जणांना घेऊन घराघरातून फिरत होतो. लोक आपणहून काढून देत होते, कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. शेवटी आमच्या घरी आलो. बाहेर तीसचाळीस माणसं जमलेली. मी फळीवरून टोपल्यांचा गठ्ठा उचलून दारात आणला.

माय चुलीपासून उठून आली. "हे राहू दे बाबू. हे देव नोहोय."

"देव नोहोय तं कुकू कायले लावतं?" मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

माणसं हसली. माय काहीतरी बोलणार होती. तिनं बाच्याकडे पाहिलं, बानं जमिनीकडे पाहिलं. मग तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती आत गेली. मला वाटलं, मी जिंकलो. दीक्षेच्या सभेत आम्हाला सांगितलं होतं की कुणी म्हणतं म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा. मी ते वाक्य पाठ केलं होतं आणि लोकांना ऐकवत फिरत होतो. पण हातातलं टोपलं उलटं करून आत काय शिवलंय, ते का शिवलंय, एवढंही मी पाहिलं नाही. देव म्हणून नव्हे, 'टोपल्या' म्हणून मी ती जाळायला निघालो होतो. हे आज कळतं. त्या दिवशी माझी लाज आणि माझा नवा धर्म मला वेगळे ओळखू आले नाहीत.

गोण लवकर पेटली नाही. कडेचा बांबू तडतडला, कापूस जळाला, पण ते कापड बराच वेळ धुमसत राहिलं. त्यावर घासलेट टाकावं लागलं.

रिकाम्या झालेल्या फळीवर मी माझी पुस्तकं मांडली. पुस्तकं म्हणजे दहाबारा, पण वस्तीत तेवढी कुणाकडे नव्हती. ती पुस्तकं माझ्यापेक्षा जास्त बहिणीनंच वाचली. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि डोक्यानं माझ्याहून कितीतरी तल्लख. मला तीनदा वाचून न कळलेलं गणित ती चुलीपुढं बसून सोडवायची आणि वर मला हसायची. तिच्या गुरुजींनी बाला रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "ही पोट्टी सातवी पास झाली का ट्रेनिंगले पाठवा. मास्तरीण होते." वस्तीतली मुलगी मास्तरीण! बाला ते इतकं मोठं वाटलं की त्यानं ते दोन दिवस घरात सांगितलंच नाही. सांगितलं त्या दिवसापासून बहीण रस्त्यानं चालताना दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायला लागली, मास्तरणींसारखा. घरात तिला आम्ही 'मास्तरीणबाई' म्हणून चिडवायचो आणि तिला ते आवडायचं.

ती सातवीत होती त्या फाल्गुनात गारा आल्या. परीक्षेला महिना उरला होता. दुपारचे तीन-चार वाजले असतील. बा शेतात होता. मी घरी होतो, माय ज्वारी पाखडत होती, बहीण दाराशी उजेडात बसून इतिहासाचं पुस्तक घोकत होती. उन्हाळ्याची चाहूल लागलेली, हवा उकडून बसलेली. मग अचानक आभाळ उतरलं. काळं नव्हे, हिरवट काळं, तसला रंग मी नंतर एकदाच पाहिला. वारा सुटला. अंगणात टाकलेली बाज उलटीपालटी होत शेजारच्या कुडाला जाऊन आदळली. पहिल्या गारा बोरांएवढ्या होत्या. बहीण दारातून आत आली तेव्हा हसत होती, एक गार तिनं उचलून तोंडातही टाकली होती.

मग लिंबाएवढ्या आल्या आणि त्यानंतर केवढ्या आल्या ते पाहायला कुणी बाहेर नव्हतं. कवेलूंवर असा आवाज होऊ लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. पहिला कवेलू फुटला तो चुलीवर. मायचा हात त्या क्षणी वर फळीकडे गेला. सवयीनं गेला. तिथं पुस्तकं होती. तिचा हात पुस्तकांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. दोन पुस्तकं खाली पडली आणि हात तसाच रिकामा खाली आला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वारा, गारा, आवाज, सगळं विसरलो असेन, पण तो हात विसरलो नाही.

मायनं सूप डोक्यावर धरलं, बहिणीला मधल्या भिंतीला दाबून बसवलं आणि तिच्यावर ओणवी झाली. बहिणीनं तोंड गुडघ्यांत घातलं. माघातल्या मंगळवारी घालायची तसंच. दोन वर्षं तो मंगळवार झाला नव्हता, पण अंगाला आठवत होतं. मी दाराच्या चौकटीखाली उभा होतो. मला वाटलं चौकट भक्कम आहे, तिथंच यावं त्यांनी. मायच्या पाठीवर कवेलूंचे तुकडे पडताना दिसत होते. मी ओरडलो, "बाई, इकडे ये! इकडे!"

आमच्याकडे धाकट्या बहिणीला बाई म्हणतात. माझा आवाज ऐकला की ती हातातलं काम टाकून लगेच वर पाहायची. घरात तिला तशी सवयच लागली होती. एक हाक मारून तिनं ओ दिली नाही तर मी दुसरी हाक मारत नसे, उठून तिच्या अंगावर जात असे. तिनं वर पाहिलं.

कवेलूचा तुकडा तळहाताहूनही लहान होता. उजव्या डोळ्यात बसला. ती ओरडली नाही. तिनं हात डोळ्यावर धरला आणि माझ्याकडे पाहत राहिली, दुसऱ्या डोळ्यानं.

गारा थांबायला फार तर पंधरा मिनिटं लागली असतील. अंगण पांढरं झालं होतं. गाय खुंट्याशी बसली होती, ती पुन्हा उठली नाही. बा शेतात बैलगाडीखाली शिरल्यानं वाचला, खांद्याला मार लागला होता. रस्त्यात झाडं पडलेली, त्यामुळे गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तोवर फार करता येण्यासारखं उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी चांगलं वागवलं. दुसरा डोळा वाचवायचा असेल तर हा काढावा लागेल, असं समजावून सांगितलं. बानं अंगठा उठवला. मी सही करू शकत होतो, पण माझा हात पुढं झाला नाही.

दवाखान्याच्या ओसरीत माय आणि मी सहा दिवस होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तिला म्हणालो, "माय, तुले वाटत असन, मी गारमाता जाळली म्हनून हे झालं." मला तिनं शिवी द्यावी असं वाटत होतं. तिनं देवीचं नाव घेतलं असतं तर मला भांडता आलं असतं. भांडलो असतो तर जरा बरं वाटलं असतं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाबू, असी माता कुठी असते का?" ती म्हणाली. "मीच केली होती थे."

मला काही कळेना.

"पयल्या साली बिनकुकवाचे टोपले केलते मी. महिन्यात तुया बानं एकात शेन भरलं. एकात सरकी. जे मोकळं दिसलं ते लोकं नेतात, कामाले लावतात. मंग गारा आल्या तं डोक्यावर काय घेतं? म्हनून कुकू लावलं. मंगळवार केला. माता म्हटल्यावर कोनाची हिंमत नाई झाली हात लावाची. तुया बाले बी नाई सांगतलं आजवर."

"मंग तवा काहून नाई बोलली? मी घेऊन चाललो होतो तवा?"

"बोलली ना. देव नोहोय म्हटलं. चाळीस मानसांत कसं सांगू, का मी नवऱ्याले वीस सालं खोटं सांगून राह्यली? बा तिथंच उभा होता तुया."

त्यात राग नव्हता. शेजारणीला भाजी कशी केली ते सांगावं तसं तिनं सांगितलं. देव खोटा होता हे आमच्या घरात सगळ्यांत आधी तिलाच माहीत होतं, माझ्या जन्माच्याही आधीपासून म्हटलं तरी चालेल. आणि मी, घरचा शहाणा, तिला ते शिकवायला गेलो होतो. लोक म्हणतात शहाण्याला शब्दाचा मार. मला तो शब्द दारात मिळाला होता, मी त्याच्यावर लोकांना हसवलं.

आम्ही परत आलो तेव्हा तांड्यातली ती बाई छपरावर टाकायला म्हणून उरलेली गोण घेऊन आली. बहिणीच्या डोळ्यावरची पट्टी पाहून मटकन खाली बसली. "म्या देल्ली ते गोण?" तिनं मायला विचारलं. "त्याचे टोपले केलते ना तू?"

"उंदरानं खाल्ले," माय म्हणाली.

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. "उंदीर गोण नाई खात बाई," ती म्हणाली. तिनं आणि मायनं मिळून छपरावर ती गोण अंथरली, मी खालून दगड देत होतो.

त्या वर्षी बहिणीची परीक्षा हुकली. पुढच्या वर्षी दे म्हणून गुरुजी स्वतः घरी आले, मीही सांगितलं, बा पण बोलला. ती नाही म्हणाली. तिला वाचता येत होतं, एका डोळ्यानं तेवढंच भरभर येत होतं. पण पोरांसमोर उभं राहायचं म्हणजे सगळ्या पोरांनी तोंडाकडे पाहायचं. ते नको, एवढंच म्हणाली. मला वाटतं, तेव्हा मी आणखी जोर करायला हवा होता. आयुष्यभर नको तिथं आवाज चढवला आणि जिथं चढवायला हवा होता तिथं गप्प बसलो. त्याच वर्षी मला शिक्षकाची नोकरी लागली. ट्रेनिंगला मी गेलो. जी शाळा तिला हवी होती ती मला मिळाली, आणि मला तिची विशेष ओढ कधीच नव्हती.

पुढच्या माघात मी स्वतः टोपली करायला बसलो. बुरडाकडून तीन आणली, तांड्यातून कापड मागून आणलं. चुंबळ कशी शिवायची ते मायला विचारलं तर ती म्हणाली, "आता कायले?" आणि कामाला लागली. मी आपलं जमेल तसं शिवलं. नाडी वाकडी लागली, झूल एकीकडे लांब झाली, पण डोक्यावर बसत होती. मोठ्या अभिमानानं फळीवर ठेवली. कुंकू अर्थातच नाही लावलं. नोकरीवर निघून गेलो आणि होळीला घरी आलो तर एकात कोंबडी बसली होती, एकात मिरच्या वाळत होत्या आणि तिसरं बानं शेतात नेलं होतं. कुणाला बोलणार?

बहिणीचं लग्न साठ-एकसष्टच्या सुमारास झालं. राळेगावच्या बाजूला दिली. नवरा बिजवर होता, पण माणूस चांगला. थोडी जमीन, दोन बैल. तिनं त्याला वाचायला शिकवलं, पुढं दोन पोरांनाही शिकवलं. मी झरीकडे नोकरीला, तिकडून एस.टी.नं यायचं म्हणजे दिवस मोडायचा, त्यामुळे वर्षातून एकदा जाणं व्हायचं. गेलो की तिच्या पोरांसाठी पाटी, पेन्सिली घेऊन जायचो. तिच्यासाठी काय न्यावं ते कधी सुचलं नाही.

पुढं काही वर्षांनी एका दिवाळीनंतर गेलो होतो. माय त्या आधीच्या पावसाळ्यात गेली होती. नवरा शेतावर, पोरं शाळेत. बहीण चुलीपुढं भाकरी थापत होती, मी बाजूला पाटावर बसलो होतो. तिची सवय अशी की कुणाशी बोलायचं झालं तर पूर्ण मान उजवीकडे वळवायची, म्हणजे डावा डोळा समोर येतो. त्या दिवशी ती चुलीकडेच पाहत होती, म्हणून मला धीर झाला असेल.

"बाई," मी म्हणालो, "मायं चुकलं. ते टोपले. आनि तुले हाक मारली ते बी."

इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा म्हणत होतो. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"एक सांगू भाऊ?" ती म्हणाली. "राग नाई ना येनार?"

मी नाही म्हणालो.

"तू टोपले काढ्याले आला ना, त्याच्या आंधीच मी मायं टोपलं काढून घेतलं होतं. गोठ्यात कडब्याच्या मांगं दडवलं. एकात एक होते, तू मोजले नाई."

"कायले?"

"मायनं तवाच चुंबळ नवी शिवली होती माया मापाची. मले आवडे ते." ती जराशी हसली. "मधातून मधातून जाऊन डोक्यावर घालून बसो मी गोठ्यात. कोनाले मालूम नाई. मायले बी नाई."

"आनि त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी तिथंच होतं. पयली गार पडली तवाच आठवलं मले. गोठा काय, चार पावलं. आनलं असतं पयतच." तिनं भाकरी उलटली. "पन तू घरी होता ना. म्हटलं, भाऊ पायल तं चिडन, अजून देव ठेवते म्हनन. गारांचं मले तेवढं भेव नाई वाटलं."

भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात वाढली, बाजूला वरण घातलं, कांदा फोडून ठेवला. मी ताटाकडे पाहत बसलो होतो. मग तिनं पूर्ण मान वळवली आणि डाव्या डोळ्यानं माझा चेहरा नीट पाहिला.

"आला ना राग?" ती म्हणाली.

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. तिला ते पटलं असं मला वाटलं नाही.